सीबीसीमध्ये एमसीव्ही ५९.८ आलाय, आयर्न घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, रिपोर्ट कसा वाचायचा?

स्नेहा_विक्रोळी

नमस्कार सगळ्यांना, थोडं मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. मी २७ वर्षांची आहे, अंधेरीला जॉब करते. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट) केली त्यात हिमोग्लोबिन १०.४ आलं. कॉलेजपासून माझं हिमोग्लोबिन कधीच ११ च्या वर गेलेलं नाही, प्रत्येक वेळी डॉक्टर आयर्नच्या गोळ्या देतात, मी घेते, पोट बिघडतं, परत टेस्ट केली की आकडा तिथल्या तिथेच. आत्ताही पावसाळ्याच्या आधीपासून गोळ्या चालूच आहेत तरी हे.

यावेळी रिपोर्टमध्ये बऱ्याच ओळी बोल्डमध्ये आहेत म्हणून जास्त टेन्शन आलंय. सगळे आकडे टाकते: हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी (लाल पेशी) काउंट ५.६२, पीसीव्ही ३३.६, एमसीव्ही ५९.८, एमसीएच १८.५, एमसीएचसी ३१, आरडीडब्ल्यू १५.१, डब्ल्यूबीसी ७२००, प्लेटलेट ३.९ लाख. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ६ टक्के.

मला तसा काही त्रास नाही, लोकलमध्ये उभी राहून जाते-येते, विक्रोळी स्टेशनचा ब्रिज चढताना धाप वगैरे लागत नाही. पाळीही नॉर्मल आहे, फार जात नाही. आमच्याकडे मासे-मटण सगळं खातात. मग रक्त कमी का? आणि हिमोग्लोबिन कमी असताना आरबीसी मात्र जास्त दाखवतंय (एच लिहिलंय समोर), हे दोन्ही एकत्र कसं काय असू शकतं? घरी आई म्हणते डाएटिंग बंद कर, मी डाएटिंग करतच नाही. येत्या हिवाळ्यात लग्न ठरलंय, त्याआधी हे नीट समजून घ्यायचंय.

सुलभा_मावशी

स्नेहा बाळा घाबरू नकोस. आमच्या घरातल्या मुलींचंही असंच असायचं. आळिवाचे लाडू खा, खजूर, काळे मनुके, बीट, पालेभाज्या, लोखंडी कढईत भाजी कर. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, पालेभाजीवर लिंबू पिळून खा. माझ्या सुनेचं बाळंतपणात ९ वर आलं होतं, तिला गोळ्या आणि हे सगळं करून बराच फरक पडला. पण तू एवढं सगळं खातेस आणि गोळ्याही घेतेस तरी वाढत नाही म्हणतेस ते मात्र मला नवीन आहे, जाणकारांनी सांगावं.

लॅबवाला_परळ

मी बरीच वर्षं हिमॅटॉलॉजी सेक्शनला टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान डॉक्टरच करतील, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो कारण ताई तुमचा रिपोर्ट अगदी बोलका आहे आणि फक्त हिमोग्लोबिन बघून गोळ्या लिहिल्या जातात तेव्हा नेमका हाच भाग वाया जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी टेस्ट काय असते ते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, त्यात ईडीटीए असतं, त्याने रक्त गोठत नाही. मशीनमध्ये रक्त पातळ करून एका बारीक छिद्रातून पेशी एकेक करून सोडतात, पेशी गेली की तिथल्या विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा येतो, असे अडथळे मोजले की पेशींची संख्या कळते आणि अडथळा किती मोठा त्यावरून पेशीचा आकार कळतो. वॉलेस कोल्टर नावाच्या अमेरिकन माणसाचं हे तंत्र, १९५३ ला त्याला पेटंट मिळालं, आजही बहुतेक मशीन त्याच तत्त्वावर चालतात. सांगायचं कारण म्हणजे आरबीसी काउंट आणि आकार या गोष्टी मशीन स्वतः मोजतं, त्यामुळे बऱ्यापैकी भरवशाच्या असतात.

आता तुमचा प्रश्न, हिमोग्लोबिन कमी आणि आरबीसी जास्त कसं काय. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींच्या आत भरलेलं प्रोटीन, आरबीसी काउंट म्हणजे त्या पेशींची संख्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशी भरपूर असतील पण प्रत्येक पेशी लहान आणि आतून अर्धीमुर्धी भरलेली असेल तर एकूण हिमोग्लोबिन कमीच येणार. पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही, साधारण ८० ते १०० हवा, तुमचा ५९.८ आहे म्हणजे खूपच लहान. प्रत्येक पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते एमसीएच, साधारण २७ ते ३२ हवं, तुमचं १८.५.

लहान पेशींची आपल्याकडे दोन मुख्य कारणं. एक लोहाची कमतरता, दुसरं थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन बनवण्यातला आई-बाबांकडून येणारा सौम्य दोष, थॅलेसेमिया ट्रेट किंवा कॅरियर पण म्हणतात). दोन्हीत हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही कमी, म्हणून वरवर सारखंच दिसतं. फरक संख्येत आहे. घरातलंच उदाहरण देतो, कणीक कमी असली की पोळ्या लहानही होतात आणि कमीही होतात, ही झाली लोहाची कमतरता. थॅलेसेमिया मायनरमध्ये गोळाच लहान तोडला जातो, म्हणून पोळ्या लहान पण संख्येने जास्त. तुमचा ५.६२ मिलियन काउंट बायकांच्या नेहमीच्या रेंजच्या बराच वर आहे. एमसीव्ही ६० च्या खाली आणायचा तर लोहाची कमतरता फार जास्त लागते, तेवढी असेल तर आरबीसी काउंटही पडलेला असतो आणि माणूस थकलेला असतो, जिना चढवत नाही.

आम्ही लोक एक सोपा भागाकार करतो, मेंट्झर इंडेक्स म्हणतात, १९७३ पासून वापरात आहे. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं. १३ च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे कल, १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. तुमचं ५९.८ भागिले ५.६२ म्हणजे जवळपास १०.६. हा भागाकार फक्त दिशा दाखवतो, त्यावरून निदान होत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर तो फसतो. पण गोळ्यांनी इतक्या वर्षांत काहीच हललं नाही हे धरलं तर तुम्ही दोन टेस्ट करायलाच हव्यात: सिरम फेरिटिन, आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी (काही लॅबमध्ये हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा नुसतं एचबीए-टू लिहितात). फेरिटिन म्हणजे शरीरात साठलेलं लोह किती ते. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात, बीटा थॅलेसेमिया मायनर (थॅलेसेमियाचा एक प्रकार) असेल तर त्यातलं एचबीए-टू नावाचं हिमोग्लोबिन साडेतीन-चार टक्क्यांच्या वर जातं.

लग्न ठरलंय म्हणताय म्हणून हे पुढे ढकलू नका.

कल्पेश_घाटकोपर

लॅबवाले दादा खूप छान समजावलंत. मध्येच विचारतो माफ करा, बाबांची सीबीसी केली त्यात प्लेटलेट ६८ हजार, ताप नाही, डेंग्यू निगेटिव्ह, अंगावर कुठे डाग नाहीत, रक्त कुठून जात नाही. रिपोर्टखाली बारीक अक्षरात प्लेटलेट क्लम्प्स सीन असं लिहिलंय. घरी सगळे घाबरलेत, ॲडमिट करायचं का विचारतायत.

लॅबवाला_परळ

कल्पेशभाऊ, ती बारीक अक्षरातली ओळच महत्त्वाची आहे. काही जणांच्या रक्तात त्या जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकांना चिकटतात, मशीन तो गठ्ठा मोजत नाही किंवा भलतंच काहीतरी समजतं, आणि काउंट खोटा कमी येतो. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त परत द्या आणि स्लाइडवर डोळ्यांनी प्लेटलेट बघायला सांगा. बाबांच्या शरीरात प्लेटलेट खरोखर नॉर्मल असण्याची चांगली शक्यता आहे. तरी डॉक्टरांना दाखवाच, आणि मध्ये हिरड्यातून रक्त, काळी शी, अंगावर लाल ठिपके असं काही दिसलं तर वाट बघू नका.

अनघा_ठाणे

हा मेंट्झरवाला हिशोब मी लगेच आईच्या रिपोर्टवर करून पाहिला. आईचं हिमोग्लोबिन ८.९, आरबीसी ३.९८, एमसीव्ही ७०, आरडीडब्ल्यू १८.९. भागाकार साडेसतरा येतो. तिला फायब्रॉइड (गर्भाशयात गाठ) आहे आणि पाळीत खूप जातं. म्हणजे हे लोहाचंच ना? आणि आरडीडब्ल्यू काय असतं ते कोणी सांगेल का, ते पण बोल्ड आहे.

पॅथॉलॉजिस्ट_माहीम

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, थोडं पुढे लिहिते.

अनघा, आरडीडब्ल्यू म्हणजे लाल पेशींच्या आकारात एकमेकींमध्ये किती फरक आहे ते. साधारण ११.५ ते १४.५ धरतात. लोह कमी कमी होत जातं तसं नवीन येणाऱ्या पेशी जुन्यांपेक्षा लहान होत जातात, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे रक्तात जुन्या मोठ्या आणि नवीन लहान अशी सरमिसळ असते आणि आरडीडब्ल्यू वाढतो. थॅलेसेमिया मायनरमध्ये जन्मापासून सगळ्याच पेशी लहान, म्हणून आरडीडब्ल्यू बरेचदा नॉर्मल किंवा थोडाच वाढलेला. तुझ्या आईचे आकडे आणि फायब्रॉइडचा इतिहास लोहाकडेच बोट दाखवतो, पण फेरिटिन करून घे आणि गायनॅककडे ने, कारण रक्त जाणं थांबलं नाही तर गोळ्या कितीही दिल्या तरी भांडं गळतंच राहणार. ८.९ हा आकडा अंगावर काढायचा नाही.

अजून एक, घरात कोणी पूर्ण शाकाहारी असेल आणि बी-ट्वेल्व्ह पण कमी असेल तर गंमतच होते, बी-ट्वेल्व्ह कमी असलं की पेशी मोठ्या होतात आणि लोह कमी असलं की लहान, दोन्ही एकत्र असलं की सरासरी म्हणजे एमसीव्ही अगदी नॉर्मल येतो आणि रिपोर्ट बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक. अशा वेळी फक्त वाढलेला आरडीडब्ल्यू आणि स्लाइड सांगते की आत गडबड आहे. म्हणून मी पेशंटना नेहमी सांगते की हिमोग्लोबिन, आरबीसी, एमसीव्ही, आरडीडब्ल्यू हे चार आकडे एकत्र बघा, एकटा कुठलाच नको.

स्नेहा, लॅबवाल्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, त्यात काही गोष्टींची भर घालते. फेरिटिन ताप, इन्फेक्शन किंवा अंगात सूज असताना वाढलेलं येतं, म्हणून सर्दी-ताप असताना करू नकोस. लोह खूप कमी असेल तर एचबीए-टू थोडं कमी येऊ शकतं आणि मायनर असूनही रिपोर्ट बॉर्डरवर दिसतो, म्हणून दोन्ही टेस्ट एकत्रच कर. कोणाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर एचपीएलसी लगेच करायची नाही, दुसऱ्याच्या पेशी मोजल्या जातात. आणि एचबीए-टू नॉर्मल, फेरिटिन पण नॉर्मल, तरी पेशी लहानच, असं आलं तर अल्फा थॅलेसेमियाचा (थॅलेसेमियाचा दुसरा प्रकार) विचार करावा लागतो, तो एचपीएलसीत सहसा दिसत नाही, डीएनए टेस्ट लागते.

तुझे ६ टक्के इओसिनोफिल आत्ता सोडून दे. ७२०० चे ६ टक्के म्हणजे ४३२, ५०० च्या आत आहे, टक्क्यांपेक्षा ही संख्या बघायची असते. एरवीही छापलेली नॉर्मल रेंज साधारण ९५ टक्के निरोगी लोकांना धरून काढलेली असते, म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाणार, आणि सीबीसीत तर वीसेक आकडे असतात. प्रत्येक बोल्ड ओळ म्हणजे आजार नसतो. तुझ्या रिपोर्टमधल्या एमसीव्ही, एमसीएच आणि आरबीसीच्या ओळी मात्र खऱ्या अर्थाने बोल्ड आहेत.

सुलभा_मावशी

डॉक्टर, थॅलेसेमिया म्हटलं की मला ती छोटी मुलं आठवतात ज्यांना दर पंधरा दिवसांनी रक्त चढवतात. स्नेहाला तसं काही होणार आहे का? पोरगी लग्नाची आहे हो.

मुलुंडकर_जिग्ना

मावशी नाही नाही, मी सांगते, मी स्वतः थॅलेसेमिया मायनर आहे. आम्ही कच्छी, माझं शिक्षण मराठी शाळेत झालं म्हणून इथे असते. आमच्या समाजात, लोहाणा-भानुशालींमध्ये, तसंच सिंधी आणि पंजाबी लोकांमध्ये हे प्रमाण जास्त आहे म्हणून आमच्याकडे लग्नाआधी तपासणी करायची पद्धत आता बरीच रुजलीये, समाजाच्या वाडीत कॅम्प होतात. पण हे फक्त आमच्यातच असतं असं नाही, मराठी घरांतही आहे, फक्त कोणी शोधत नाही म्हणून कळत नाही.

मायनर म्हणजे आई किंवा बाबांकडून एक बिघडलेला जीन आला, दुसरा चांगला आहे. त्याने हिमोग्लोबिन साडेनऊ-दहा-अकराच्या आसपास राहतं, बाकी माणूस ठणठणीत. रक्त चढवावं लागत नाही, मायनरचं पुढे मेजर होत नाही, कोणाला लागण होत नाही. माझी दोन बाळंतपणं झाली, मी रोज मुलुंड-सीएसएमटी करते. मेजर म्हणजे दोन्ही जीन बिघडलेले, ते बाळ जन्मताना बरं दिसतं आणि काही महिन्यांत पांढरं पडायला लागतं, मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायची औषधं आयुष्यभर.

आणि मेजर बाळ तेव्हाच होऊ शकतं जेव्हा आई-बाबा दोघंही मायनर असतील. त्यातही दर प्रेग्नन्सीला २५ टक्के शक्यता मेजरची, ५० टक्के मायनरची, २५ टक्के पूर्ण नॉर्मल. लोक समजतात एक मूल मेजर झालं की पुढची तीन सुटली, तसं अजिबात नसतं, प्रत्येक वेळी परत तेवढीच शक्यता. माझ्या नवऱ्याची टेस्ट साखरपुड्याच्या आधी केली, त्यांची नॉर्मल आली, विषय तिथेच संपला.

स्नेहा तू तुझी टेस्ट कर आणि आली मायनर तर होणाऱ्या नवऱ्याची पण कर, एवढंच. भावंडांनाही सांग, घरात एकाला असलं की बाकीच्यांनाही असण्याची शक्यता असते.

सचिन_वसई

यात अजून एक जोडतो. मी पालघर जिल्ह्यात आरोग्य खात्यात काम करतो, आमच्याकडे आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) तपासणी चालते. सिकलसेलचा कॅरियर असेल तर सीबीसी पुष्कळदा पूर्ण नॉर्मल येते, एमसीव्ही पण नॉर्मल, त्यामुळे सीबीसी चांगली आहे म्हणजे लग्नाआधीची तपासणी झाली असं समजू नका. एचपीएलसी केली तर थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही एकाच टेस्टमध्ये कळतात. एक जण सिकलसेल कॅरियर आणि दुसरा बीटा थॅलेसेमिया मायनर असेल तरी मुलाला त्रासदायक आजार होऊ शकतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन चालू आहे त्यात कार्ड देतात, दोघांची कार्डं जुळवून बघायची.

कॅम्पमध्ये गर्दी असेल तर पहिली चाळणी म्हणून नेस्ट्रॉफ्ट नावाची स्वस्त टेस्ट पण करतात. पातळ मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, नॉर्मल पेशी फुटून पाणी स्वच्छ लाल होतं आणि ट्यूबमागे धरलेल्या कागदावरची काळी रेघ आरपार दिसते, मायनरवाल्यांच्या पेशी लवकर फुटत नाहीत म्हणून पाणी गढूळ राहतं आणि रेघ दिसत नाही. पुढे खात्रीसाठी एचपीएलसी लागतेच.

स्नेहा_विक्रोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅमिली डॉक्टरांना मेंट्झरचा भागाकार लिहूनच दाखवला, त्यांनी लगेच दोन्ही टेस्ट लिहून दिल्या. रिपोर्ट आले: फेरिटिन ६२, एचबीए-टू ५.४ टक्के, एचबीएफ (हिमोग्लोबिनचा अजून एक प्रकार) ०.९. खाली लिहिलंय बीटा थॅलेसेमिया ट्रेटशी सुसंगत, फॅमिली स्टडी आणि जोडीदाराची तपासणी सुचवतो. आयर्न बंद केलं डॉक्टरांनी.

खरं सांगू का, एक प्रकारे सुटल्यासारखं वाटलं, इतकी वर्षं सगळे मला खात नाहीस, लक्ष देत नाहीस म्हणायचे. बाबांची सीबीसी काढून बघितली तर त्यांचाही एमसीव्ही ६३! पुरुष म्हणून कोणी त्यांचं हिमोग्लोबिन बघितलंच नव्हतं कधी.

आता खरा प्रश्न. होणाऱ्या नवऱ्याला सांगायला काहीच अडचण नाही, तो समजूतदार आहे. पण त्याच्या घरच्यांना रक्ताचा आजार असा शब्द कळला की काय होईल याची आईला भीती वाटतेय, ती म्हणते आत्ता काही बोलू नको, लग्न होऊ दे. मला हे पटत नाहीये. कसं बोलू? आणि समजा त्याचीही तशीच आली तर?

मुलुंडकर_जिग्ना

स्नेहा, आईची भीती खरी आहे, तिला रागावू नकोस, पण लपवून लग्न करू नकोस गं. पुढे प्रेग्नन्सीत गायनॅक सीबीसी बघून विचारणारच, तेव्हा सासरच्यांना कळलं की आधी माहीत होतं तर विश्वास जातो, आणि तोपर्यंत निवांत विचार करायची वेळही निघून गेलेली असते.

आधी त्याच्याशी एकटी बोल. रिपोर्ट दाखव आणि सरळ सांग, मला आजार नाहीये, मी कॅरियर आहे, तुझी एक रक्ताची टेस्ट हवीये म्हणजे पुढे मुलांचं टेन्शन राहणार नाही. तो स्वतःच त्याच्या घरी बोलला तर ते जास्त सोपं जातं, आमच्याकडे असंच झालं होतं, सासऱ्यांनी उलट विचारलं की आमच्या मुलीची पण करून घ्यायची का.

पॅथॉलॉजिस्ट_माहीम

जिग्नाताईंशी शंभर टक्के सहमत. स्नेहा, त्याचीही सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही कर, नुसती सीबीसी बघून ठरवू नका, सचिननी वर सांगितलंय तेच कारण. नॉर्मल आली तर तुमच्या मुलांना फार तर मायनर असेल, तुझ्यासारखं आणि तुझ्या बाबांसारखं.

समजा त्याचीही मायनर आली, तरी लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. अशी कितीतरी जोडपी निरोगी मुलं वाढवतायत. गरोदरपणाच्या साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते, त्यासाठी दोघांचे जीनमधले नेमके बदल आधी शोधून ठेवावे लागतात, म्हणून प्रेग्नन्सी राहायच्या आधीच जेनेटिक काउन्सेलिंग घ्यायचं. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे याच विषयावर काम चालतं. सायन आणि वाडिया हॉस्पिटलमध्ये थॅलेसेमियाच्या मुलांचे उपचार होतात, बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं सेंटर आहे.

आता तुझ्यासाठी. एचबीए-टू ५.४ आणि फेरिटिन ६२ म्हणजे चित्र स्पष्ट आहे, लोहाचा साठा पुरेसा आहे. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची स्वतःची सोय नसते, म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसलं की कोणीतरी परत आयर्न किंवा आयर्नचं इंजेक्शन देईल त्याआधी फेरिटिन बघायला सांग. याचा अर्थ आयर्न कधीच नको असा नाही, पुढे गरोदरपणात फेरिटिन खरंच कमी आलं तर तुलाही आयर्न लागेल. तेव्हा हिमोग्लोबिन अजून थोडं उतरेल, पहिल्याच व्हिजिटला गायनॅकला ट्रेटचं सांग, फॉलिक ॲसिड त्या सांगतील त्या डोसमध्ये. एचपीएलसीचा रिपोर्ट लॅमिनेट करू नकोस, फोटो काढून फोनमध्ये ठेव आणि मूळ कागद फाइलला लाव, ही टेस्ट परत परत करायची गरज नाही.

आणि पुढे कधी शुगरची तीन महिन्यांची टेस्ट, एचबीए-वन-सी, केलीस तर ट्रेट आहे हे डॉक्टरांना सांग. ती टेस्ट हिमोग्लोबिनवरच आधारलेली असल्यामुळे मायनरमध्ये आकडा फसवा येऊ शकतो, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर सोबत बघायची. बाबांना हे आजच सांग, त्यांच्या वयात ती टेस्ट होतच असते.

स्नेहा_विक्रोळी

बाबांना डायबिटीसच्या गोळ्या चालू आहेत आणि दर वेळी फक्त एचबीए-वन-सी करतात!! उद्याच त्यांच्या डॉक्टरांना फोन करते. आणि त्याच्याशी बोलले काल रात्री, तो लगेच तयार झाला, शनिवारी सकाळी ऑफिसच्या आधी दोघं जाऊन त्याचं सॅम्पल देतोय. उपाशीपोटी जावं लागतं का?

लॅबवाला_परळ

नाही, सीबीसी आणि एचपीएलसीला उपाशी राहायची गरज नाही, नाश्ता करून या. फॉर्मवर जोडीदार बीटा थॅलेसेमिया ट्रेट आहे असं आवर्जून लिहा आणि तुमच्या एचपीएलसीची झेरॉक्स जोडा, रिपोर्ट सही करणाऱ्या डॉक्टरांना बॉर्डरवरचा आकडा वाचताना त्याची खूप मदत होते.